वयनींची जीभ

माझ्या थोरल्या जावेला सगळी वाडी वयनी म्हणायची, म्हणून मीही वयनीच म्हणू लागले. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. लग्न होऊन मी पावस गावाच्या बाजूच्या त्या घरात आले तेव्हा मला तेरावं नुकतंच सरलं होतं. सासूबाई आधीच वारल्या होत्या. त्यामुळे मला रागावलं, शिकवलं, न्हाऊमाखू घातलं ते वयनींनीच. आम्हा दोघींचे नवरे बोटीवर खलाशी. वर्षातून एकदा, तेही रजा मिळाली तर, घरी यायचे. एरवी घरात मामंजी, आम्ही दोघी आणि पुढे माझी मुलगी. वयनींना मूल झालं नाही.

माझं माहेर खाडीच्या काठचं. ओहोटी लागली की चिखलात उतरून कालवं काढायची मला सवय, पण झाडपाल्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. सासरचं घर सड्याच्या पायथ्याशी होतं. वर मैलभर उघडा कातळ आणि त्याच्या कडेनं उतरत गेलेल्या घळींमध्ये सगळं रान. शिमगा आटोपला की वयनी कमरेला कोयती अडकवायच्या आणि मला घेऊन निघायच्या. भारंगीचा कोवळा पाला, कोरलाची आंबट पानं, कुड्याची पांढरी फुलं असं काय काय आम्ही ओच्यात भरून आणायचो. चैत्र आला की कणगीतलं भात तळाला जायचं. मग हे रानातलं नुसतं चवीला राहायचं नाही, पोटाला लागायचं.

सगळ्यात शेवटी कंद. वेल वाळून गेलेली असायची. तिच्या काटकीवरून माग काढत पहारीनं जमीन उकरायची, तेव्हा हातभर खाली तो मिळायचा. बाहेरून काळा केसाळ, आतून पिवळट. हा कंद विषारी. सोलून, पातळ चकत्या करून, राखेच्या पाण्यात उकडून, मग रोवळीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा. सकाळी चाखून बघायचं. कडू असेल तर पुन्हा उकडायचा, पुन्हा पाण्यात ठेवायचा. कडवटपणा साफ गेला की म्हणायचं, कंद उतरला. न उतरलेला खाल्ला तर घसा जळतो, पोटात पीळ पडतो, ओकाऱ्या थांबत नाहीत.

"नुसतं बघून काय सांगू नको," वयनी मला सांगायच्या. "डोळा फसतो. हातानं चुरगळ, वास घे, आणि मग जिभेच्या टोकाला लाव. थुंकून टाक आणि गप ऱ्हा. कडू लगेच लागत नाय, मागनं येतो."

त्या स्वतः तसंच करायच्या. चकतीचा कपचा जिभेवर ठेवायच्या, थुंकायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. सगळ्या बायका आपापल्या रोवळ्या घेऊन त्यांच्याकडे बघत उभ्या. मग त्या डोळे उघडून म्हणायच्या, "उतरला," किंवा "आणखी एक रात ऱ्हाऊ दे." त्यावर कुणी उलट बोलायचं नाही. मूल नाही म्हणून वयनींना कुणी डोहाळजेवणाला बोलवत नसे, बारशाला पाळण्याजवळ उभं करत नसे. मंगळागौरीलासुद्धा त्या मागच्या दारी नारळ खवत बसायच्या. पण चैत्र-वैशाखात वाडीतल्या एकूण एक घरातली बाई त्यांच्यासमोर रोवळी धरून उभी राहायची. तेवढे दोन महिने वयनी ताठ चालायच्या. हे मला तेव्हा कळत होतं, असं नाही. आता लिहिताना कळतं.

मी वीस-एकवीस वर्षांची असतानाची ही गोष्ट. मंदीचे दिवस होते. बोटी बंदरात नुसत्या उभ्या होत्या आणि आमची माणसं मुंबईत खोलीवर काम मिळायची वाट बघत बसली होती. मनीऑर्डर यायची थांबली होती. त्याच माघात वयनींना ताप आला. वीसेक दिवस तो हटला नाही. अंगावर पांघरूण ठरत नव्हतं, बडबड करायच्या, मला ओळखायच्या नाहीत. मामंजींनी तर आशा सोडली होती. मग एका सकाळी ताप उतरला आणि त्यांनी पेज मागितली. मी मऊ पेज केली, वर मीठ घातलं, लोणच्याची फोड ठेवली. त्या सावकाश सगळी जेवल्या. मी विचारलं, "बरी लागली?" तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरी हाय."

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते एकेका बारीक गोष्टीवरून. चुलीवर दूध करपलं, घरभर वास सुटला, आणि वयनी दोन हातांच्या अंतरावर बसून तांदूळ निवडत होत्या, त्यांना पत्ता नाही. एक सुका बांगडा खराब होऊन घाण वास मारत होता. तो त्यांनी तसाच भाजायला घेतला. आमटीत एक दिवस मीठ नाही, दुसऱ्या दिवशी तोंडात घालवेना इतकं. मग त्या म्हणायला लागल्या, "मिठाचं तूच बघ गो. माझा हात अजून कापतोय." मला वाटलं, आजारातून उठलेलं माणूस आहे, चालायचंच.

पण पुढे भारंगी आली. तिचा पाला उकडून पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर ती फार कडू. वयनींनीच केली होती. माझ्या चार वर्षांच्या मुलीनं पहिला घास तोंडात घेतला आणि ताटात थुंकला. वयनींनी तिच्या पाठीत धपाटा घातला. त्यांनी तिच्यावर हात उगारल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मुलगी रडायचीसुद्धा विसरली.

"अन्नावर थुंकायचं शिकवलंय आईनं," वयनी म्हणाल्या.

मी एक घास खाल्ला. जीभ आखडून गेली. मामंजींकडे बघितलं तर ते खाली मान घालून जेवत होते. जेवून उठताना एवढंच म्हणाले, "रक्त साफ होतं ह्यानं." आणि वयनी समोर बसून तीच भाजी भाकरीला लावून शांतपणे खात होत्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, ना आवडल्याचं ना नावडल्याचं.

मला शंका आली. सरळ विचारायचा धीर नव्हता, म्हणून मी वाईट मार्ग धरला. दुसऱ्या दिवशी सोलांची कढी केली आणि त्यांच्या वाटीत चांगलं मूठभर मीठ कालवलं. वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि भाकरी थापायचं निमित्त करून तिरकी बघत राहिले. त्यांनी वाटी तोंडाला लावली. मधे थांबल्या नाहीत. सगळी प्यायल्या, पदरानं ओठ पुसले आणि म्हणाल्या, "आज कढी झाक झाली हो."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर तुटली. इतक्या वर्षांनंतरही ती वाटी आठवली की माझे कान गरम होतात. त्या दिवशी मला त्यांची कीव आली, पण खरं सांगायचं तर त्याआधी एक क्षण मला आपण पकडल्याचा आनंद झाला होता.

मी कुणाला बोलले नाही. वाटलं, कंदाचे दिवस यायला अवकाश आहे, तोवर जीभ परत येईल.

ती आली नाही. चैत्र अर्धा सरला आणि वाडीतल्या बायका पहारी घेऊन घळीत उतरल्या. त्या वर्षी कंद हौसेनं कुणी काढत नव्हतं. ज्याच्या त्याच्या घरची माणसं मुंबईत रिकामी बसली होती. सड्याखाली एक झरा बारमाही वाहायचा. त्याच्या पाण्यात आठ-दहा रोवळ्या दगड ठेवून मांडलेल्या होत्या. सकाळी वयनी तिथे गेल्या, मागोमाग मी. नेहमीसारख्या दगडावर बसल्या. पहिली रोवळी पुढे आली. मी आधीच त्यातली चकती उचलून हळूच तोंडात टाकली होती. ती कडूजहर होती. वयनींनी कपचा जिभेवर ठेवला, थुंकल्या, डोळे मिटले.

"उतरला," त्या म्हणाल्या.

"वयनी," मी म्हटलं, "हिला आणखी एक रात ठेवूया का?"

त्यांनी डोळे उघडले. क्षणभर त्या मला घाबरलेल्या दिसल्या. मग त्यांचा आवाज चढला. "चार दिस नाय झाले पायांचा खाडीतला चिखल धुऊन, आणि आता मना शिकवणार? तुज्या बापानं तरी कंद बघितला होता काय गो?"

बायका हसल्या. त्यांच्या हसण्यात मुद्दाम काही नव्हतं, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या बाईची रोवळी होती ती मात्र चरकली आणि म्हणाली, "असू दे वयनी, एक रात ऱ्हाऊ दे, काय बिघडत नाय." तिनं रोवळी परत पाण्यात ठेवली.

दुसरी रोवळी आमच्या खालच्या घरच्या सुनेची होती. ती माझ्याच वयाची. माझ्यानंतर वर्षभरानं लग्न होऊन आली. विहिरीवर आम्ही बरोबर जायचो, एकमेकींच्या डोक्यावर हंडे चढवायचो. तिची सासू कडक होती. तिला घरी जाऊन रांधायची घाई होती. तिच्याही रोवळीतला कपचा मी तोंडात टाकला. आधी नुसता पिठूळ लागला. मग जिभेच्या मुळाशी कडू उमटलं आणि पसरत गेलं. पहिल्याइतकं नाही, पण होतं.

"उतरला," वयनी म्हणाल्या. "ने घरी."

तिनं रोवळी उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मघाशी मी बोलले होते, म्हणून बघितलं असणार. आणि मी मान खाली घालून पाण्यात हात धुऊ लागले. एक शब्द बोलायला हवा होता. मला माझे पाय, खाडीतला चिखल, माझा बाप आणि त्या बायकांचं हसणं एवढंच ऐकू येत होतं. मनात आलं, बघू दे आता सगळ्यांना, कोणाला कळतं ते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिची सासू आमच्या खळ्यात येऊन उभी राहिली. केस सुटलेले, आवाज बसलेला. संध्याकाळी जेवल्यापासून घरातली सगळी ओकत होती. नात आता जरा निजली होती, पण तिच्या म्हाताऱ्या नवऱ्याचे डोळे फिरले होते, हातपाय गार पडले होते. मागे तिची सून उभी होती, भिंतीला धरून. तिलाही उभं राहवत नव्हतं.

"वयनी, तू सांगितलंस उतरला म्हणून ना?" सासूनं विचारलं.

वयनींचा चेहरा राखेसारखा झाला. पण त्या बोलल्या. "मी बघितला तेव्हा उतरलेला होता. घरी नेऊन दुसरा कच्चा मिसळला असंल."

सासू गर्रकन मागे वळली. सुनेनं फक्त मान हलवली, नाही म्हणून. तिचं कोण ऐकणार? वयनींची जीभ चुकते हे वाडीत कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. आळशी सुनेनं एक रात वाचवायला कच्चा कंद मिसळला, असं दुपारपर्यंत सगळीकडे झालं. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. मुलगी सासूनं ठेवून घेतली. आमच्या अंगणावरून जाताना तिनं वर बघितलं नाही. तिची मुलगी मागे दारात उभी राहून, गळ्यातला आवाज संपेपर्यंत ओरडत होती. मी आमच्या दाराआड उभी राहून ते ऐकलं.

त्या दुपारी मागच्या पडवीत आम्ही दोघी कैऱ्या चिरत बसलो होतो. मी म्हटलं, "वयनी, तुमच्या कढीत मी एकदा मूठभर मीठ घातलं होतं."

त्यांचे हात विळीवर थांबले. "कधी?"

"शिमगा झाल्यावर."

"आणि मी काय म्हटलं?"

"झाक झाली म्हणालात."

हातातली फोड त्यांनी टोपलीत टाकली. मग म्हणाल्या, "तुजं मन झालं कसं गो? माझी परीक्षा बघायला?"

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत. सावकाश बोलत राहिल्या, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगत होत्या. तापातून उठल्यावर पेज मातीसारखी लागली. वाटलं, दोन दिवसांनी चव येईल. लोणचं माती, मासा माती, गूळही माती. आंघोळीच्या वेळी शिकेकाईचा वास येत नव्हता. भूक लागायची, पण घास गिळवत नव्हता. मग त्या आठवून जेवायला लागल्या. आमटीचा घास घेताना आमटी कशी लागायची ते आठवायचं.

"मग कंद कसा बघत होता?" मी विचारलं.

"बोटांनी. उतरलेला जरा मऊ लागतो. आणि बाकीचं अंदाजानं."

"मला सांगायचं होतं. मी चाखून सांगितलं असतं, कुणाला कळलंही नसतं."

"आणि मग माझ्याकडं कोण कशाला आलं असतं?" त्या म्हणाल्या.

दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी लुगडं बदललं, मला म्हणाल्या, "चल." आम्ही खालच्या घरी गेलो. म्हातारा पडवीत बाजेवर पडला होता. जिवंत होता, पण गालफडं बसली होती. सासू कांडत होती, तिनं मुसळ थांबवलं. वयनी ओट्यावर चढल्या नाहीत, खळ्यातच उभ्या राहिल्या.

"तुझ्या सुनेनं काय मिसळलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझी जीभ गेलीय. माघापासून मना कशाची चव लागत नाय. मी खोटं सांगितलं. तिला परत आण."

सासूला आधी अर्थ लागेना. मग तिनं जी तोंडाला येईल ती शिवी दिली. वांझ म्हणाली, दुसऱ्याची घरं बुडवायला निघालेली म्हणाली. वयनी ऐकत उभ्या राहिल्या. तिचं संपल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्या पोरीनं मना सगळ्यांदेखत अडवलं होतं. मीच ऐकलं नाय. हिचा काय दोष नाय."

मी तिथे उभी होते. मला बोलायचं होतं की, मी अडवलं ते पहिल्या रोवळीला, दुसरीला नाही. ते शब्द तोंडात तयार होते. सासू माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तरी शाणी हायस बाय," आणि मी पुन्हा मान खाली घातली.

वाडीला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्यानंतर बायका रोवळ्या घेऊन माझ्यासमोर उभ्या राहू लागल्या. मी चकती जिभेवर ठेवायची, थुंकायची, थांबायची. जरा संशय आला तरी सांगायची, आणखी एक रात. कुणी कुरकुरलं नाही. उलट, धाकटी फार जपून बघते, असं म्हणू लागल्या. वयनी त्या वर्षी झऱ्यावर आल्याच नाहीत. पुढच्या वर्षी आल्या, पहार घेऊन माझ्यापुढे चालायच्या. वाळल्या काटकीवरून कंद कुठे आहे ते त्यांच्याइतकं अजूनही कुणाला सांगता येत नव्हतं. खणून दिला की त्या घरी निघून जायच्या. चाखायच्या वेळी थांबायच्या नाहीत. जिभेची चव त्यांना शेवटपर्यंत परत मिळाली नाही. एकदाच, खूप वर्षांनी, कोकमाचा तुकडा चघळताना त्या दचकल्या आणि म्हणाल्या, आंबट लागलं. आम्ही दोघींनी दिवसभर वाट बघितली. पुन्हा काही लागलं नाही.

म्हातारा त्या दुखण्यातून उठला तो काठी घेऊनच. खालच्या घरच्या सुनेला वैशाख संपता संपता परत आणलं. तिची मुलगी पहिल्यांदा तिच्याकडे जाईना, आजीच्या लुगड्यात तोंड लपवत होती. एक दिवस विहिरीवर आम्ही दोघीच होतो. मी नेहमीसारखा तिचा हंडा उचलायला हात पुढे केला. तिनं तो स्वतःच उचलून कठड्यावर ठेवला.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार की."

"त्या दिवशी माझी रोवळी उचलताना मी तुझ्याकडं बघितलं. तू मान खाली घातलीस. तू चाखला होतास ना?"

रहाट थांबला होता. पोहऱ्यातून पाणी खाली ठिबकत होतं. वयनींनी शिव्या खात जे कबूल केलं, त्याच्या मानानं मला फार थोडं बोलायचं होतं. एकच शब्द.

"नाय," मी म्हटलं.

तिनं माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं. मग चुंबळ डोक्यावर ठेवली, हंडा एकटीनं चढवला आणि गेली. ती मुंबईला नवऱ्याकडे राहायला गेली तोवर आणखी नऊ-दहा वर्षं आम्ही त्याच विहिरीवर पाणी भरलं. बोलायचोही, पावसापाण्याचं, पोरांचं. कंदाच्या दिवसांत मात्र ती रोवळी घेऊन माझ्याकडे कधी आली नाही. स्वतःचा कंद ती स्वतःच चाखायची.